थीम पार्कातला ब्रॉडवे कॉन्सर्ट: बघावा का, आणि बघायचा तर कसा

आम्ही टॅम्पात राहतो. ऑर्लँडो गाडीने सव्वा-दीड तासावर, त्यामुळे थंडी सुरू झाली की आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो आणि प्रत्येकाला डिस्नेला जायचंच असतं. जेवणाच्या टेबलावर कागद-पेन घेऊन दिवस आखायला बसलो आणि जानेवारी-फेब्रुवारी असला, की मी हमखास एक ओळ घालते: संध्याकाळी एपकॉटमध्ये ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांतल्या, गायकांचा कॉन्सर्ट. त्यावर समोरच्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. एकदा नवऱ्याचा मावसभाऊ तोंडावरच म्हणाला, "वहिनी, एवढे डॉलर भरून आत जायचं आणि खुर्चीत बसून गाणी ऐकायची? गाणी काय, फोनवर पण आहेत."

प्रश्न रास्त आहे. पार्कातला प्रत्येक तास पैसे मोजून घेतलेला असतो, आणि अर्ध्या तासाच्या गाण्यांसाठी जागा धरण्यापासून बाहेर पडण्यापर्यंत सव्वा तास सहज जातो. तेवढ्यात एखादी मोठी राइड होते. तरीही माझं मत सांगते: ज्याला गाण्याचा कान आहे त्याने हा कॉन्सर्ट चुकवू नये. ज्याला नाही, त्याला ओढत नेऊ नये. दोन्हींच्या मधल्या माणसांसाठी हे लिहिते आहे, कारण पाहुण्यांत बहुतेक तेच असतात.

आधी हे काय आहे ते

एपकॉट हे वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांपैकी एक, 1982 साली उघडलेलं. दर वर्षी साधारण जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत तिथे 'फेस्टिव्हल ऑफ द आर्ट्स' भरतो. चित्रं, खाण्याच्या टपऱ्या, आणि संध्याकाळी 'डिस्ने ऑन ब्रॉडवे' नावाची कॉन्सर्ट मालिका. हा फेस्टिव्हल 2017 साली सुरू झाला आणि करोनाची खीळ सोडली तर कॉन्सर्टही त्याच्याबरोबर चालत आला आहे. ब्रॉडवेवर डिस्नेच्या संगीतिकांमध्ये ज्यांनी खरोखर भूमिका केल्या, तेच गायक-गायिका इथे येऊन गातात. पहिल्याच वर्षी अ‍ॅशली ब्राउन आणि जॉश स्ट्रिकलंड गायले होते. ती ब्रॉडवेवरची पहिली मेरी पॉपिन्स, तो पहिला टारझन. म्हणजे कुणीतरी होतकरू मंडळी आणून उभी केली आहेत, असा प्रकार नाही.

पार्काचं तिकीट काढलं असेल तर कॉन्सर्टला वेगळं तिकीट नाही. तळ्याकाठच्या 'अमेरिका गार्डन्स थिएटर'मध्ये तो होतो. मोकळ्या हवेतलं प्रेक्षागृह आहे, दीड-दोन हजार माणसं बसतील एवढं.

वेशभूषा नाही, नेपथ्य नाही, गोष्ट नाही. सासूबाईंना समजावताना मी म्हटलं होतं, "आई, संगीत नाटक झाल्यावर त्यातल्याच नटाने साध्या कपड्यात बसून नाट्यपदांची मैफल करावी ना, तसं." त्यांना एका वाक्यात कळलं. पुढे त्यांनी विचारलं, "मग वन्समोअर देतात का?" देत नाहीत. अर्ध्या तासाचं आखीव वेळापत्रक असतं, पुढच्या खेळाचे लोक बाहेर रांगेत उभे असतात. टाळ्या, शिट्ट्या, उभं राहून मानवंदना, सगळं होतं, पण पद पुन्हा मिळत नाही. सासूबाईंच्या दृष्टीने ही मोठीच उणीव होती.

पार्कातल्या बाकीच्या संगीत शोंशी याची गल्लत करू नका

पाहुणे इथेच फसतात. "लायन किंगचा शो बघितला ना, मग पुन्हा कशाला?" तो शो निराळा. अ‍ॅनिमल किंगडममध्ये 1998 पासून चालू असलेला 'फेस्टिव्हल ऑफ द लायन किंग' म्हणजे चारी बाजूंनी प्रेक्षक, मध्ये कसरतपटू, नर्तक, प्रचंड मोठ्या बाहुल्या आणि गायक. बघायला अप्रतिम. त्याच पार्कात 'फाइंडिंग निमो'वरची छोटी संगीतिका आहे. तिची गाणी रॉबर्ट लोपेझ आणि क्रिस्टन अँडरसन-लोपेझ या जोडप्याने लिहिली. तिचं मूळ रूप 2007 साली रंगमंचावर आलं, आणि पुढे याच जोडप्याने 'फ्रोझन'ची गाणी केली. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये 'ब्युटी अँड द बीस्ट'चा छोटा खेळ आहे. तो 1991 साली, मूळ चित्रपट आला त्याच नोव्हेंबरात सुरू झाला. ब्रॉडवेवरचं नाटक त्यानंतर, 1994 साली आलं, आणि ते बसवणारा दिग्दर्शक रॉबर्ट जेस रॉथ त्याआधी डिस्नेच्या पार्कांतले शो बसवत होता. तेव्हा पार्कातलं म्हणजे दुय्यम, असं नाक मुरडायचं काही कारण नाही.

पण हे सगळे 25-30 मिनिटांत आटपलेले देखावे आहेत. गोष्ट सर्वांना माहीत आहे असं धरून तिचे ठळक प्रसंग पळवलेले असतात. संगीत बहुतेक वेळा ध्वनिमुद्रित, त्यावर गायक प्रत्यक्ष गातात. तिथे डोळ्यांची चैन असते. एपकॉटच्या कॉन्सर्टमध्ये डोळ्यांना फारसं काही नाही, सगळं कानाला आहे. लहान मुलं बरोबर असतील आणि एकच काहीतरी बघायचं असेल, तर बेलाशक 'फेस्टिव्हल ऑफ द लायन किंग' घ्या. मात्र ते पार्क वेगळं, त्याचं तिकीट वेगळं. एकाच दिवशी दोन पार्कं करायची तर 'पार्क हॉपर' प्रकारचं महागडं तिकीट लागतं. कॉन्सर्टसाठी म्हणून ते काढू नका.

कुणी जावं, कुणी राहू द्यावं

मी पाहुण्यांना आडून आडून विचारून घेते. चित्रपट बघताना गाणं आलं की तुम्ही पुढे ढकलता का? ढकलत असाल तर विषय संपला. कधी एखाद्या गायकाला प्रत्यक्ष ऐकायला मुद्दाम प्रवास केलाय का? केला असेल तर तुम्हाला हे आवडणारच, मग डिस्नेचं एकही गाणं माहीत नसलं तरी चालेल. आमच्याकडे आलेल्या एका काकांना 'फ्रोझन' म्हणजे गोठवलेले वाटाणे एवढंच माहीत होतं. बाहेर पडल्यावर मात्र ते पट्टी किती उंच होती आणि सूर कुठे किंचित ढळला, यावर गाडीत घरी येईपर्यंत बोलत होते.

न्यूयॉर्क तुमच्या सहलीत असेल तर हिशेब बदलतो. तिथे पूर्ण संगीतिका बघा. टाइम्स स्क्वेअरच्या टीकेटीएस खिडकीवर त्याच दिवसाच्या खेळांची तिकिटं सवलतीत मिळतात, आणि अडीच तासांच्या नाटकाची सर अर्ध्या तासाच्या गाण्यांना येत नाही. पण एकदा नाटक बघून फ्लोरिडाला येत असाल, तर त्यातलंच गाणं वेषाशिवाय ऐकणं हा वेगळा आनंद आहे, त्यामुळे क्रम न्यूयॉर्क आधी असेल तर उत्तम.

एपकॉटसाठी एकच दिवस, बरोबर दोन किशोरवयीन मुलं आणि त्यांच्या यादीत 'कॉस्मिक रिवाइंड' व 'टेस्ट ट्रॅक' या दोन्ही राइड राहिलेल्या. अशा घराने कॉन्सर्ट सोडून द्यावा, किंवा घर दोन गटांत वाटावं. आमचा भाचा त्या संध्याकाळी राइडच्या रांगेत होता, आम्ही गाण्यात. दोघांनाही एकमेकांची कीव आली.

नावं बघून दिवस ठरवा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कुणी करत नाही. कुठल्या तारखांना कोण गाणार याची यादी फेस्टिव्हलच्या आधी जाहीर होते. गायकांचे संच तारखांनुसार बदलतात. तुमच्या हातात दोन-तीन दिवस असतील तर कुठल्या दिवशी एपकॉट ठेवायचं ते या यादीवरून ठरवा. नाव ओळखीचं असण्याची गरज नाही. त्या व्यक्तीने कुठली भूमिका केली आहे ते बघा. 'लायन किंग'मधली नाला किंवा रफिकी करणाऱ्या गायिका असतील तर मी डोळे मिटून जाते, कारण त्या भूमिकांना लागणारा आवाजच वेगळा, छातीतून उघडा लागणारा. कुणाला विनोदी, बोलकी गाणी आवडत असतील तर 'अलादीन'चा जिनी बघावा.

मग घरी बसून थोडी तयारी करा. चित्रपट पाठ असले तरी कॉन्सर्टमध्ये दोन-तीन गाणी अनोळखी निघतात, कारण रंगमंचावर आणताना नवी गाणी घातली गेली आहेत. 'लायन किंग' 1997 साली ब्रॉडवेवर आलं तेव्हा नालाला घर सोडून जातानाचं एक गाणं मिळालं, ते 1994च्या चित्रपटात नाही. 'ब्युटी अँड द बीस्ट'मध्ये बीस्टला पहिला अंक संपवणारं भलं मोठं एकट्याचं गाणं आहे, मूळ चित्रपटात तो असा गातच नाही. 'फ्रोझन'च्या नाटकात एल्साला आणखी एक झुंजार गाणं आहे.

आणि 'अलादीन'मधलं 'प्राउड ऑफ युवर बॉय' जाण्याआधी ऐकाच. हॉवर्ड अ‍ॅशमन आणि अ‍ॅलन मेंकन यांनी ते चित्रपटासाठी लिहिलं होतं. अलादीन आईला उद्देशून म्हणतो, मी उनाड आहे खरा, पण एक दिवस तुला माझा अभिमान वाटेल. पुढे कथेतून आईचं पात्रच काढून टाकलं, त्याबरोबर गाणंही गेलं. अ‍ॅशमन 1991 साली वारले, चित्रपट त्यानंतर 1992 साली आला. ब्रॉडवेच्या नाटकात, 2014 साली, ते गाणं परत आलं. ही हकिगत कळल्यावर ते गाणं ऐकलंत तर डोळ्यांना रुमाल लागतो. आमच्याकडे तर सगळ्या मावश्या-आत्यांना लागला.

वेळ कुठली धरायची

साधारणपणे संध्याकाळी तीन खेळ असतात, पहिला साडेपाचच्या सुमारास, शेवटचा आठच्या सुमारास. वेळा बदलू शकतात, त्या दिवशीच्या डिस्नेच्या अ‍ॅपवर सकाळीच बघून घ्या.

ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुलं असतील तर पहिला खेळ. दिवसभर चाललेले पाय तेव्हा टेकायला आसुसलेले असतात आणि अजून झोप आलेली नसते. फक्त गाणंच ऐकायचं असेल तर मी मधला खेळ घेते. तोवर अंधार पडलेला असतो, मंचावरचे दिवे खुलतात, गायकांचा गळाही तापलेला असतो. शेवटच्या खेळाला माणसं दमून पेंगतात, हे मी आजूबाजूला पाहिलंय. घोरणंही ऐकलंय.

सुट्टीच्या आठवड्यात गर्दी एकदम वाढते. जानेवारीतला मार्टिन ल्यूथर किंग दिन आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डे, या दोन सोमवारांना जोडून येणारे शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा. मधल्या एखाद्या मंगळवारी-बुधवारी वीस मिनिटं आधी जाऊन चांगली जागा मिळते. गर्दीच्या दिवशी पाऊणएक तास आधी रांगेत लागा.

जेवणाचं पॅकेज घ्यावं का, हे सगळेच विचारतात. ठरावीक रेस्टॉरंटमध्ये आधी आरक्षण करून जेवलात की कॉन्सर्टला राखीव भागात जागा मिळते. राखीव असतो तो भाग. नेमकी खुर्ची तुमची नसते, त्यामुळे तरीही वेळेआधी जावंच लागतं. नाहीतरी तिथे बसून जेवणारच असाल, किंवा घरात कुणाला रांगेत उभं राहणं जमत नसेल, तर घ्या. एरवी माझा सल्ला आहे की ते पैसे फेस्टिव्हलच्या टपऱ्यांवर दोन-तीन पदार्थ वाटून खाण्यात घाला. शाकाहारी मंडळींना ठरावीक मेनूचं जेवण घेऊन निम्मं ताटात टाकावं लागतं, ते वेगळंच.

तिथवर पोहोचायचं कसं

नकाशावर दिसतं त्यापेक्षा हे लांब आहे. एपकॉटच्या मागच्या भागात तळ्याभोवती अकरा देशांची दालनं मांडली आहेत, आणि अमेरिकेचं दालन मुख्य दारापासून सगळ्यात दूर, तळ्याच्या पलीकडच्या काठावर. तळ्याची पूर्ण फेरी सव्वा मैलाच्या आसपास. मेक्सिकोकडून निघालात तर नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली ओलांडून अमेरिका येते. प्रत्येक दालनात "इथे एक फोटो" होतोच, तेव्हा चालायला अर्धा तास धरा.

चालणं नको असेल तर तळ्यात बोटी आहेत. दालनांचा भाग जिथे सुरू होतो तिथल्या एका धक्क्यावरून बोट जर्मनीला जाते, दुसऱ्यावरून मोरोक्कोला. दोन्हीकडून थिएटर जवळ आहे. मी मोरोक्कोची बोट धरते, कारण वाटेत जपानचं दालन लागतं आणि तिथल्या मोठ्या दुकानात सासूबाई रमतात. बोर्डवॉकच्या बाजूच्या हॉटेलात उतरला असाल तर 'इंटरनॅशनल गेटवे' या मागच्या दाराने आत या. फ्रान्स, मोरोक्को, जपान, की अमेरिका.

जरा लवकर पोहोचलात तर अमेरिकेच्या दालनात शिरा. आतल्या घुमटाखाली 'व्हॉइसेस ऑफ लिबर्टी' नावाचा वृंद वाद्यांशिवाय गातो. एपकॉट उघडलं तेव्हापासूनची ही परंपरा आहे. सोप्रानोपासून खर्जापर्यंत आवाज एकमेकांत मिसळतात आणि घुमटाने ते गोल करून खाली सोडलेले असतात. शक्य तितकं घुमटाच्या मध्याखाली थांबा. काही पाहुण्यांना ब्रॉडवेच्या कॉन्सर्टपेक्षा हेच जास्त आवडलं आणि मी वाद घातला नाही.

थंडीचं मनावर घ्या. "फ्लोरिडात कसली थंडी" म्हणत अर्ध्या बाहीच्या कुडत्यात आलेली माणसं मी कुडकुडताना पाहिली आहेत. दिवसा 22-23 अंश सेल्सियस असतं, सूर्य मावळला की थंडीच्या लाटेत 10च्याही खाली जातं, आणि वारा थेट तळ्यावरून येतो. एक जाडसर शाल आणि कानटोपी पिशवीत असू द्या. वीज कडाडायला लागली तर मोकळ्यावरचे कार्यक्रम थांबवतात. त्या दिवशी पावसाचा अंदाज असेल तर पहिल्या खेळालाच जा, शेवटच्यावर विसंबू नका.

कुठे बसायचं आणि काय ऐकायचं

सगळे पुढच्या रांगेकडे धावतात. तुम्ही ध्वनियंत्रणेचं टेबल कुठे आहे ते शोधा, आणि त्याच्या आसपास, मधल्या पट्ट्यात बसा. आवाजाचा समतोल साधणारा माणूस जिथे बसून ऐकतो तिथे तो सगळ्यात नीट लागतो, हे कुठल्याही सभागृहात खरं. अगदी कडेला बसलात तर एका बाजूच्या स्पीकरचंच गाणं ऐकू येईल. पटेल की नाही याची खात्रीच नसेल, तर मागच्या वाटेवर उभे राहा. पहिली दोन गाणी ऐका, आवडलं नाही तर चालू लागा. स्ट्रोलर बाहेर ठेवायला लागतो, तेव्हा त्यातलं पाण्याचं आणि दुधाचं सामान आधी काढून घ्या.

मी स्वतः गाते. म्हणजे मराठी मंडळाच्या दिवाळीत दोन पदं म्हणण्याइतपत. त्यामुळे माझं लक्ष माइककडे जातं. ब्रॉडवेच्या नाटकात नटांचा माइक केसांत किंवा कपाळाजवळ लपवलेला असतो, तोंडापासूनचं अंतर कायम तेवढंच, चढ-उतार सांभाळतो तो ध्वनी-तंत्रज्ञ. या कॉन्सर्टमध्ये माइक हातात असला, की सगळी सूत्रं गायकाकडे येतात. एका संध्याकाळी नाला केलेली एक गायिका घर सोडण्याचं ते गाणं गात होती. पहिल्या ओळी जवळजवळ पुटपुटल्यासारख्या, माइक ओठांना टेकलेला. मग आवाज चढू लागला तसा तिचा हात सावकाश खाली येत गेला, छातीपर्यंत, मग कमरेपर्यंत. शेवटच्या लांब स्वराला माइक जवळपास मांडीशी होता आणि तरी स्वर मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचला. तेवढ्यात लांब वाकड्या चोचीचा एक पांढरा पक्षी मधल्या वाटेवरून शांतपणे चालत, कुणाचं तरी सांडलेलं पॉपकॉर्न वेचत गेला. तिने स्वर धरलेलाच ठेवून त्याच्याकडे बघितलं, हसली, आणि मगच सोडला. रेकॉर्डिंगमध्ये हे कुठून मिळणार?

दोन गाण्यांच्या मधलं बोलणंही ऐकत जा. कुणी पहिल्या ऑडिशनची गोष्ट सांगतं, कुणी ऐन खेळात पोशाख कसा अडकला ते. मला त्यात रस वाटतो. पण सगळीच बोलणी सारखी रंगत नाहीत, काही वेळा जाहिरातीचा सूर लागतो. "स्वप्नं खरी होतात" हे वाक्य डिस्नेच्या आवारात किती वेळा ऐकायचं याला काही मर्यादा हवी. दोघा-तिघांनी मिळून म्हणायची लोकप्रिय गाणीही कधी उरकल्यासारखी होतात. अर्ध्या तासात असं एखादं गाणं निघणारच हे धरून चाला. दोन गाणी मनापासून लागली की माझा सव्वा तास वसूल.

मोबाइलवर सगळा कॉन्सर्ट टिपत बसू नका, मागच्याला तुमचा पडदाच दिसतो. आणि मुलांना आधी सांगून ठेवा की इथे एल्सा एल्साच्या कपड्यांत येणार नाही. आमच्या शेजारी बसलेली एक चिमुरडी पहिली दहा मिनिटं "पण ती आहे कुठे?" एवढंच विचारत होती. गाणं सुरू झाल्यावर आईने मंचाकडे बोट दाखवून "तीच ती" म्हटलं. मुलीने त्या काळ्या ड्रेसमधल्या बाईला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि ठाम नकारार्थी मान हलवली.

जानेवारीत जमत नसेल तर

नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या शेवटापर्यंत याच थिएटरात 'कँडललाइट प्रोसेशनल' होतं. मोठं समूहगान, वाद्यवृंद आणि एखादा नामवंत कलाकार ख्रिस्तजन्माची कथा वाचतो. ही प्रथा मुळात कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये 1958 साली सुरू झाली. ती धार्मिक स्वरूपाची आहे, हे पाहुण्यांना आधी सांगा. माझ्या मते समूहगान म्हणून ते ब्रॉडवेच्या कॉन्सर्टपेक्षाही भारदस्त आहे. पण रांगा दुप्पट, आणि तिथे मात्र जेवणाचं पॅकेज घ्यायला मी हरकत घेणार नाही.

परत निघताना

रात्रीची आतिषबाजी तळ्यावरच होते, बहुधा नऊला. शेवटचा कॉन्सर्ट बघितलात तर तिथून हलू नका, अमेरिका ते इटली या पट्ट्यात कठड्याशी जागा धरा. आतिषबाजी संपली की सगळं पार्क एकदम दाराकडे निघतं, तेव्हा दहा-पंधरा मिनिटं बसून राहिलेलं बरं. आतिषबाजीच्या आधीच तळ्यातल्या बोटी थांबतात, म्हणजे येताना बोटीने आलात तरी जाताना चालायचंच आहे. घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर सकाळी मुख्य दाराशीच व्हीलचेअर भाड्याने घेऊन ठेवा. "मला नको, मी चालेन" असं त्या सकाळी म्हणतील, तुम्ही ऐकू नका. नाहीतर दिवसभर ती बॅगा ठेवायला उपयोगी पडतेच.